मॅट्रिकचें दार : विषय-निवडीच्या प्रश्नाचा थोडा इतिहास

दहावीचा निकाल लागला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतून कांहीं दिवस एकच चर्चा चालते. मुलगी म्हणते, "मला इतिहास आवडतो, मी आर्ट्‌सला जाणार." वडील म्हणतात, "गुण चांगले पडले आहेत, सायन्स सोडूं नकोस." आजोबांना कॉमर्स बरें वाटतें. शेवटीं मामा मध्यें पडतात आणि सांगतात, "आधीं सायन्स घेऊन ठेव. मागाहून कुणीकडेही वळतां येतें; तिकडून इकडे मात्र येतां येत नाहीं." या वाक्यानें वाद बहुधा मिटतो. मुलगी गप्प बसते. पण तिचें समाधान झालेलें असतेंच असें नाहीं.

मामांचें हें वाक्य आजच्या स्पर्धेच्या युगांतून निघालें आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः तें फार जुनें आहे. आपल्या प्रांतांत विद्यापीठ स्थापन झाल्यापासून प्रत्येक पिढींतील पालकांनीं तें कोणत्या ना कोणत्या रूपानें उच्चारलें आहे, आणि शिक्षणाचा विचार करण्यास नेमलेल्या एकामागून एक मंडळांस त्याच्याशीं झगडावें लागलें आहे. या झगड्यांत कोणाची बाजू कितपत खरी होती हें पाहिलें, तर घरांतील त्या मुलीस अधिक न्याय्य उत्तर देतां येईल, अशा समजुतीनें हा इतिहास येथें थोडक्यांत मांडीत आहों.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ सालीं झाला, व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं घेण्यांत आली. नांवाप्रमाणें ही परीक्षा केवळ विद्यापीठांत प्रवेश देण्यापुरती होती. परंतु थोड्याच वर्षांत तिला दुसरा अर्थ प्राप्त झाला. कचेरींतील कारकुनी असो, शाळेंतील मास्तरकी असो, कीं रेल्वे व तारखात्यांतील जागा असो, जेथें इंग्रजी जाणणारा मनुष्य हवा असे तेथें तो मॅट्रिक झाला आहे काय, हा प्रश्न विचारला जाऊं लागला. ज्याला पुढें शिकावयाचें त्याला मॅट्रिक हवी, आणि ज्याला शिकावयाचें नाहीं त्यालाही मॅट्रिकच हवी, अशी स्थिति झाली. पुढील सर्व गुंतागुंतीचें मूळ या दुहेरी उपयोगांत आहे.

त्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ सालीं विद्यापीठाचे जे पहिले चौघे बी.ए. झाले त्यांत हे दोघे, आणि त्यांच्याबरोबर वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे. यांपैकीं भांडारकरांची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे. एल्फिन्स्टन संस्थेंत शिकत असतांना त्यांचा ओढा गणित, सृष्टिशास्त्रें व इंग्रजी वाङ्मय यांकडे होता. संस्कृताचा व्यवस्थित अभ्यास त्यांनीं दक्षिणा फेलो झाल्यावर, शिक्षणखात्याचे तत्कालीन प्रमुख हॉवर्ड यांच्या सूचनेवरून, म्हणजे विशी उलटल्यानंतर आरंभिला. १८६३ सालीं ते इंग्रजी व संस्कृत हे विषय घेऊन एम.ए. झाले, आणि १८६४ सालीं त्यांनीं शाळेंतील मुलांसाठीं संस्कृताचें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्यांच्या पुस्तकांवर आपल्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या, त्यांनीं स्वतः तो विषय उशिरां उचलला होता. त्या वेळीं नियमांची वीण सैल होती. पहिली निवड ही शेवटची निवड ठरत नव्हती. भांडारकर आजच्या सारख्या एखाद्या शाखेंत बसविले गेले असते, तर ते कदाचित् चांगले गणिती झाले असते. पण प्राच्यविद्येस भांडारकर मिळाले असते कीं नाहीं, कोण सांगूं शकेल?

ही सैल वीण फार काळ टिकली नाहीं. आरंभीं मराठी, गुजराती इत्यादि देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान होतें. त्याच दशकांत वरच्या परीक्षांतून त्यांना काढून त्यांची जागा संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना देण्यांत आली. नियम वरच्या परीक्षेचा. पण त्याचा परिणाम इंग्रजी शाळेंतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर झाला. ज्याला पुढें बी.ए. व्हावयाचें आहे त्यानें शाळेंतच संस्कृत किंवा फारसी धरली पाहिजे, मराठीनें पुढचें काम भागणार नाहीं, हें पालकांनीं लगेच ओळखलें. मराठीस पुन्हां विद्यापीठांत आणण्यासाठीं रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करीत राहिले, आणि १९०१ सालीं, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षीं, एम.ए. च्या परीक्षेंत तिला जागा मिळाली. मधल्या काळांत ज्या मुलांनीं मातृभाषेचा व्यासंग दुय्यम मानला, त्यांस दोष देण्यापूर्वीं हा नियम लक्षांत घेतला पाहिजे.

आतां हंटर कमिशनकडे वळूं. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं हें कमिशन नेमलें. आपल्याकडील काशिनाथ त्रिंबक तेलंग हे त्याचे एक सभासद होते. माध्यमिक शाळांतून बाहेर पडणारे सर्वच तरुण एका साच्याचे निघतात, व ते सर्व एकाच प्रकारच्या नोकरीमागें लागतात, हें कमिशनला दिसलें. त्यावर त्यानें उपाय सुचविला तो असा : हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन मार्ग असावेत, एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा, आणि दुसरा व्यापार किंवा अन्य व्यावहारिक धंद्यांस उपयोगी पडणारा. कागदावर ही योजना निर्दोष होती. ज्याची बुद्धि पुस्तकी त्यानें पहिल्या वाटेनें जावें, ज्याचा हात कामांत चालतो त्यानें दुसऱ्या वाटेनें जावें, यांत वावगें तें काय?

त्याच कमिशनपुढें १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा आणि रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचें होणारें उच्च शिक्षण यांवरील त्यांची टीका प्रसिद्ध आहे. गांवच्या शाळेंत बाळबोध व मोडी वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य हे विषय असावेत, असें त्यांनीं सुचविलें. परंतु त्या निवेदनांतील एका लहानशा मागणीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस खासगी अभ्यास करून बसतां येतें याबद्दल समाधान दर्शवून, तीच सवलत वरच्या पदव्यांसही मिळावी, असें त्यांनीं म्हटलें होतें. महाविद्यालयाचा खर्च ज्यांस झेपत नाहीं, अशांची पुढची वाट बंद होऊं नये, हा त्यांचा हेतु. हंटर मुलांच्या वाटा वेगळ्या करूं पाहत होते; फुले दार उघडें ठेवण्याविषयीं बोलत होते. एकाच वर्षीं, एकाच चौकशींत निघालेले हे दोन विचार पुढें सतत परस्परांसमोर उभे राहिलेले दिसतात.

हंटर कमिशनच्या सूचनेचें काय झालें? मुंबई विद्यापीठानें १८८९ सालीं स्कूल फायनल नांवाची वेगळी परीक्षा सुरू केली. इतर प्रांतांतही अशाच पर्यायी परीक्षा निघाल्या. पालकांनीं मात्र त्यांकडे पाठ फिरविली. १९०४ सालच्या शिक्षणविषयक ठरावांत हिंदुस्थान सरकारनें स्वतःच या अपयशाचा हिशेब दिला आहे : १९०१-०२ सालीं देशांतील विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांस सुमारें २३,००० उमेदवार बसले, आणि या नव्या धर्तीच्या परीक्षांस बसलेल्यांची संख्या जेमतेम २,००० च्या घरांत होती.

यावर त्या काळच्या अधिकाऱ्यांनीं, आणि आपल्यांतीलही पुष्कळांनीं, एकच निदान केलें : आमच्या लोकांना कारकुनीचें वेड, हातानें काम करण्याचा कंटाळा. या निदानांत तथ्याचा अंश नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका सामान्य शिक्षकाच्या किंवा अव्वल कारकुनाच्या दृष्टीनें हा प्रश्न पाहावा. मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो पुढें कसा निघेल हें कोणासच ठाऊक नाहीं. मॅट्रिक झाला तर महाविद्यालयांत जातां येतें, आणि घरची अडचण आली तर नोकरीही धरतां येते. व्यावहारिक मार्गानें गेला तर नोकरी मिळेल किंवा न मिळेल. महाविद्यालयाचें दार मात्र नक्की बंद. शिवाय त्या मार्गाच्या शेवटीं उभे असावयास हवेत ते कारखाने व पेढ्या देशांत होत्या तरी किती? असा हिशेब करून ज्यानें मॅट्रिक निवडली, त्याला वेडा कसें म्हणावें? ज्या वाटेवरून परत फिरतां येत नाहीं ती वाट, ती कितीही उपयुक्त असली तरी, सावध माणूस मुलासाठीं निवडीत नाहीं. दोष पालकांच्या स्वभावाहून योजनेच्या रचनेंत अधिक होता.

येथवर आपण असें धरून चाललों कीं निवड निदान घरच्या माणसांच्या हातीं होती. पण तीही प्रत्येकाच्या हातीं नव्हती. भीमराव आंबेडकर शाळेंत असतांना त्यांना संस्कृत शिकावयाचें होतें. अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याचें शिक्षकानें नाकारलें, आणि त्यांना नाइलाजानें फारसी घ्यावी लागली. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें कोलंबिया व लंडन येथें त्यांनीं अर्थशास्त्रांत मिळविलेल्या पदव्या सर्वांना माहीत आहेत. फारसीमुळें त्यांचें कांहीं अडलें नाहीं, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, शूद्र पूर्वीं कोण होते या विषयावरील आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांना याच गोष्टीचा जबाब द्यावा लागला. संस्कृतावर प्रभुत्व नसलेल्या माणसानें या विषयावर लिहूं नये, असा आक्षेप येणार हें त्यांना ठाऊक होतें. ती उणीव त्यांनीं सरळ कबूल केली, आणि या विषयावरील बहुतेक वाङ्मय इंग्रजींत उपलब्ध असतां तेवढ्यानें आपला अधिकार कां नाहींसा व्हावा, असा उलट प्रश्न केला. तो ग्रंथ त्यांनीं जोतीराव फुले यांस अर्पण केला आहे. शाळेंत असतांना बंद झालेलें एक दार सुमारें चाळीस वर्षांनंतरही पंडितास आडवें येतें, याहून विषय-निवडीचें महत्त्व सांगणारें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

दुसरा असाच वर्ग मुलींचा. १८८४ सालीं पुण्यांत हुजूरपागेंतील मुलींचें हायस्कूल निघालें. त्याच्या संस्थापकांत रानडे, भांडारकर आणि मोडक हे होते; म्हणजे पहिल्या चार पदवीधरांपैकीं तिघांनीं स्वतःस उघडलेलें दार मुलींसही उघडावें म्हणून ही खटपट केली. या शाळेच्या अभ्यासक्रमावर १८८७ सालीं केसरींतून कडक टीका झाली. मुलींना मुलांचाच इंग्रजी अभ्यासक्रम कशाला, त्यांना संसारास उपयोगी पडेल तें शिकवावें, असा टिळकांचा रोख होता. टिळकांना ज्ञानाची चाड नव्हती असें नाहीं. ते स्वतः गणिताचे व्यासंगी. परंतु मुलीची पुढची वाट एकच आहे असें धरून चाललें कीं बाकीच्या वाटांसाठीं विषय कशाला हवेत, हा प्रश्न आपोआप निघतो.

पुढें अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. तेही गणिताचे प्राध्यापक. टिळक फर्ग्युसनमधून बाहेर पडल्यावर तेथें गणित शिकविण्यास तेच आले होते. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें त्यांचें धाडस त्या काळीं अपूर्व होतें. गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र या विषयांस त्यांनीं अभ्यासक्रमांत मानाचें स्थान दिलें. पदवीसही गृहीतागमा असें सुंदर नांव ठेवलें. ज्या शेंकडों मुलींना मुंबई विद्यापीठाची वाट कधींच साधली नसती, त्यांना या विद्यापीठानें शिक्षण दिलें, हें त्याचें ऋण कोणीही नाकारणार नाहीं. परंतु त्यास कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंतच्या पस्तीस वर्षांत तेथील पदवीधर स्त्रीस आपली पदवी इतरत्र हक्कानें दाखवितां येत नव्हती. वेगळी वाट काढणारानें ती प्रेमानें काढली होती. मुख्य रस्त्यास ती जोडून घेणें मात्र त्याच्या एकट्याच्या हातीं नव्हतें.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न संपला नाहीं. १९५२-५३ सालच्या मुदलियार कमिशनानें हंटरचा विचार अधिक उदार स्वरूपांत पुन्हां मांडला : माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहशास्त्र असे सात गट असावेत. पुन्हां निवड चौदाव्या वर्षाच्या सुमारास. मुलींना गणिताच्या ऐवजीं गृहशास्त्र घेण्याची सवलत पुष्कळ ठिकाणीं होती, आणि ही सवलतच त्यांचें नुकसान करीत होती. १९६१ सालीं हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें मुलगा व मुलगी या भेदावर अभ्यासक्रमांत भेद करूं नये, असें स्पष्ट सांगितलें. कोठारी आयोगानें (१९६४-६६) तें मत उचलून धरलें. आणि पुढें जाऊन अशी शिफारस केली कीं पहिलीं दहा वर्षें शिक्षण सर्वांचें समान असावें, व त्यांत गणित व विज्ञान हे विषय प्रत्येक मुलास व मुलीस आवश्यक असावेत. या आयोगाचे सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते. हंटरच्या दोन मार्गांचा इतिहास त्यांनीं आपल्या ग्रंथांतून स्वतः तपासलेला होता, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. महाराष्ट्रांत जुनी अकरावी जाऊन नव्या रचनेची दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीं झाली. आज आपल्या मुलीस निवड चौदाव्या वर्षीं न करतां सोळाव्या वर्षीं करावी लागते, ही दोन वर्षें तिला या इतिहासानें मिळवून दिलीं आहेत.

आतां मामांच्या वाक्याकडे परत येऊं. त्यांचें एक म्हणणें खरें आहे. दारें दोन्ही बाजूंनीं सारखीं उघडत नाहींत. विज्ञान घेतलेल्यास पुढें कायदा, वाणिज्य, इतिहास, कोठेंही जातां येतें. अभियांत्रिकीस बहुधा गणित व भौतिकशास्त्र लागतें, वैद्यकास जीवशास्त्र लागतें. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून भूदलांत जाण्यास कोणतीही शाखा चालते, पण नौदल व वायुदल यांकरितां गणित व भौतिकशास्त्र हवेंच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शाखाशाखांमधील भिंती पाडण्याचा संकल्प केला आहे. २०२३ सालीं वैद्यकीय आयोगानें असेंही ठरविलें कीं बारावीस जीवशास्त्र नसलेल्यानें तें मागाहून स्वतंत्र विषय म्हणून पुरें केल्यास त्याला वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस बसतां यावें. जोतीरावांनीं मागितलेल्या सवलतीच्याच जातीची ही सवलत आहे. परंतु धोरणांतील संकल्प आणि प्रवेशाच्या पत्रकांतील अट यांत अंतर असतें, व मुलीला अर्ज भरावयाचा असतो तो पत्रकाप्रमाणें.

मामांची चूक होते ती याच्या पुढें. उघड्या दारांची संख्या मोजून ते शाखा निवडतात. त्या दारांतून मुलगी आंत जाईल कीं नाहीं, हें मोजीत नाहींत. नावडत्या विषयांत दोन वर्षें कुढून जिचे गुण घसरले, तिच्यासाठीं तीं सर्व दारें नियमानें उघडीं असलीं तरी गुणांनीं बंद होतात. शिवाय शाखा आणि विषय या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आपण विसरतों. महाराष्ट्रांत कला व वाणिज्य शाखांतही अकरावी-बारावीस गणित हा विषय घेतां येतो. सर्व महाविद्यालयांत ती सोय नसते. म्हणून प्रवेशापूर्वीं चौकशी करावी लागते. इतिहास आवडणाऱ्या मुलीनें त्याच्या जोडीस अर्थशास्त्र व गणित घेतलें, तर तिची आवडही राहते आणि अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांसारख्या पुढच्या वाटाही राहतात. अर्थशास्त्राची चांगली पदवी देणाऱ्या कित्येक विद्यापीठांत आज बारावीचें गणित मागतात, हें अनेक पालकांस वेळ निघून गेल्यावर कळतें.

या सगळ्या इतिहासांतून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. जो विषय सोडल्यानें परत येण्याची वाट बुजते, तो भीतीनें वा आळसानें सोडूं नये. आणि ज्या विषयावर मुलीचें प्रेम आहे, तो केवळ वाट अरुंद आहे म्हणून तिच्याकडून सोडवूं नये. पहिली काळजी घरानें घ्यावी. दुसरीसाठीं घराबरोबर समाजाचीही जबाबदारी आहे. कारण विषय कमी-अधिक योग्यतेचे असतात म्हणून वाटा अरुंद होत नाहींत, नियम करणारे त्या अरुंद करतात, आणि तेच त्या रुंदही करूं शकतात.

म्हणून यंदा दहावीच्या निकालानंतर घरांत ती चर्चा निघाली, तर मामांना बोलूं द्यावें, कारण त्यांच्या बोलण्यांत चार पिढ्यांचा अनुभव आहे. पण मग महाविद्यालयांचीं माहितीपत्रकें चटईवर पसरून, कोणत्या विषयामुळें काय उघडतें व कशानें काय मिटतें, हें मुलीसमवेत बसून वाचावें, आणि शेवटचा शब्द तिचा असूं द्यावा. भांडारकरांना बाविसाव्या वर्षीं संस्कृत सुचविणारा एक मनुष्य भेटला. आपल्या मुलीसही पुढें कोणी भेटेल. त्या वेळीं तिला मागें फिरतां यावें, एवढी सोय आज आपण करून ठेवावी.